पावसाची तवारीख: मिरजेचे जुने पावसाळे वाचायचे कुणी?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. दोन्ही वेळा एकच वाक्य कानावर आले, "असं आजवर कधी झालं नव्हतं." हे वाक्य खरे की खोटे, ते ठरवायचे कसे?

मोजलेला पाऊस आपल्याकडे फार जुना नाही. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी देशभरातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी जुळवून १८७१ पासूनची सलग मालिका तयार केली. मोजक्या जुन्या ठाण्यांच्या आधारे ती पुढे १८१३ पर्यंत मागे नेली. म्हणजे जेमतेम दोनशे वर्षे. जे संकट शंभर वर्षांतून एकदा येते, ते एवढ्या काळात एक-दोनदाच दिसणार. त्यावरून पुलाची उंची किंवा धरणातला साठा ठरवणे म्हणजे पुस्तकाचे शेवटचे पान वाचून गोष्ट सांगण्यासारखे आहे.

आधीची पाने निसर्गानेही लिहून ठेवली आहेत. छत्तीसगडमधल्या दंडक गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातून चुन्याचे थर साचत गेले. त्या थरांतल्या ऑक्सिजनच्या प्रकारांचे प्रमाण पाहून इसवी सन ६०० ते १५०० मधल्या पावसाचा अंदाज काढला गेला. त्यात चौदाव्या शतकात आणि पंधराव्या शतकाच्या मध्यात पाऊस क्षीण झालेला दिसतो. आपल्याकडचा दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ पासून सांगितला जातो, आणि मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी कोठारे उघडल्याची कथाही बहामनी काळातलीच आहे, हे इथे आठवावे. केरळातल्या सागवानाच्या वर्तुळांवरून तर ५२३ वर्षांचा आलेख तयार झाला आहे. पण गुहा आणि झाडे मोठ्या प्रदेशाचे ढोबळ मान सांगतात. मिरजेत आषाढ कोरडा गेला की भाद्रपद, हे त्यांना विचारून कळत नाही. ते माणसाने लिहिलेल्या कागदातच सापडते.

असे कागद वाचायची रीत आता चांगली रुळली आहे. ॲडमसन आणि नॅश या इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी वर्तमानपत्रे, मिशनऱ्यांची पत्रे आणि रोजनिशा चाळून पश्चिम भारतातल्या १७८१ ते १८६० या काळातल्या पावसाचा इतिहास मांडला. स्पेनमध्ये चर्चने पावसासाठी केलेल्या प्रार्थनांच्या तारखांवरून जुने अवर्षण शोधतात. आपल्याकडच्या नमाज-ए-इस्तिस्काची नोंद सापडली, तर तीही अशीच वाचता येईल. स्पेनच्याच अभ्यासकांनी बगदादच्या अरबी तवारिखांमधून ८१६ ते १००९ या काळातल्या थंडी, बर्फ आणि गारपिटीच्या नोंदी वेचल्या. म्हणजे आपल्या इतिहासकारांचे ग्रंथ हवामानशास्त्राच्या कामी येऊ लागले आहेत.

मग दख्खनच्या तवारिखांचे काय? मोहम्मद कासिम फरिश्ता हा विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या पदरी होता. मिरज तेव्हा आदिलशाहीतच होती. त्याच्या फारसी ग्रंथात दुसऱ्या महंमदशहा बहामनीच्या (१३७८ ते १३९७) काळातल्या दुष्काळाची हकीकत आहे: धान्य आणायला माळवा आणि गुजरातकडे दहा हजार बैल सतत ये-जा करत होते आणि ते धान्य रयतेला स्वस्तात विकले जात होते. यात पावसाचे माप नाही. पण टंचाई दख्खनभर होती आणि माळवा, गुजरातेत धान्य शिल्लक होते, एवढे तरी कळते. पावसाच्या अभ्यासाला ही माहिती थोडी नाही.

पेशवाईत कागद फारसीतून मोडीत आले. मिरजेच्याच हायस्कुलात शिकवणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापला. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या १७९०-९१ च्या धारवाड मोहिमेची पत्रे त्यात आहेत. त्याच सुमारास दख्खन आणि कर्नाटकात भीषण दुष्काळ पडला, आणि प्रशांत महासागरात तेव्हा मोठा एल निनो होता असे अभ्यासक मानतात.

त्या काळच्या कागदांवर वर्ष असते ते असे: इसन्ने तिसैन मया व अलफ. दोन, नव्वद, शंभर आणि हजार, म्हणजे ११९२. त्यात ५९९ मिळवले की १७९१. मदरशात अरबी अंक शिकलेली माझी मुले हे ऐकल्याबरोबर ओळखतात. या शुहूर सनाला मराठीत 'मृगसाल' म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की वर्ष सुरू होते. आकडे अरबी, कागद मोडी, भाषा मराठी आणि वर्षाचा पहिला दिवस पेरणीच्या तोंडावर!

मात्र वाचताना जपून वाचावे लागते. हिजरी महिने ऋतूंमधून सरकत राहतात. २०१४ साली रमजान ऐन पावसाळ्यात होता, २०२४ साली मार्चमध्ये. तारीख नीट बदलून घेतली नाही, तर उन्हाळी पाऊस मोसमी ठरेल. मिरजेच्या पत्रात कृष्णेच्या पुराची बातमी असेल, तर ती महाबळेश्वर-कोयनेच्या पावसाची बातमी आहे. तिकडे पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, मिरजेत सहाशेच्या आसपास. वर पूर आणि जतकडे टँकर हे आपण पाहिलेलेच आहे. आणि धान्य महागले ते पाऊस पडला नाही म्हणून, की फौजेने उभे पीक कापून नेले म्हणून, हेही तपासावे लागते.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. मोडी जाणणारे थोडे, फारसी जाणणारे त्याहून थोडे, आणि दोन्ही जाणणारे शोधावे लागतात. उर्दू वाचणाऱ्या मुलाला फारसी लिपी परकी नसते. मराठी वाचणाऱ्याला मोडी काही महिन्यांत येते. पाऊस तर दोघांच्याही शेतात तोच पडत होता. म्हणून एक विनंती: घरातल्या पेटीत, दर्ग्याच्या किंवा देवळाच्या कपाटात इनामाचे, साऱ्याच्या सुटीचे, जमाखर्चाचे जुने कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. सारा माफ झाल्याची एक ओळसुद्धा एका पावसाळ्याची साक्ष असू शकते.