बत्तीस फूट आणि एकोणचाळीस फूट: दोन वापरलेल्या होड्यांची गोष्ट

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. लांबच्या समुद्रप्रवासासाठी वापरलेली शिडाची होडी घ्यायची, तर लहान घ्यावी की मोठी? यावर बोलणारे भरपूर भेटतात. पण इतिहासात एकदा हा प्रश्न खरोखरच समुद्रावर सोडवला गेला, आणि त्यातली एक होडी आपल्या मुंबईची होती.

साल १९६८. लंडनच्या 'संडे टाइम्स'नं स्पर्धा जाहीर केली. एकट्यानं, कुठंही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा करायची. जो पहिला परत येईल त्याला 'गोल्डन ग्लोब' चषक, आणि ज्याला सर्वांत कमी दिवस लागतील त्याला पाच हजार पौंड. निघायचं १ जून ते ३१ ऑक्टोबरच्या दरम्यान, ज्याला जमेल तेव्हा. नऊ जण निघाले. त्यातल्या दोघांच्या होड्या आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली 'सुहेली'. लांबी सुमारे ३२ फूट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा अधिकारी. त्याची नोकरी मुंबई ते पर्शियन आखात या मार्गावर. मुंबईत साग मिळतो, लाकडात मुरलेले हात मिळतात, म्हणून त्यानं होडी इथंच, कुलाब्याला बांधून घेतली. आराखडा पाश्चात्त्य, जुन्या घाटाचा. पण फळ्या तासल्या आपल्या सुतारांनी, वाकस आणि हातानं फिरवायच्या सामत्यानं. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. 'सुहेली' हे आखातातल्या खलाशांनी एका वाऱ्याला दिलेलं नाव. अरबीत 'सुहैल' म्हणजे आपला अगस्त्याचा तारा, हेही जाता जाता लक्षात ठेवा. पुढं ती आफ्रिकेला वळसा घालून लंडनला गेली. म्हणजे स्पर्धेच्या वेळी ती चांगली वापरलेली होती. खरं तर रॉबिनला मोठी पोलादी होडी हवी होती. पैसे जमले नाहीत, म्हणून तो सुहेली घेऊन निघाला.

दुसरी 'जोशुआ', फ्रेंच नाविक बर्नार मोआतेसिए याची. लांबी ३९ फुटांच्या थोडी वर, अंग पोलादाचं, आणि डोलकाठ्या चक्क तारखात्याच्या खांबांच्या! तीही नवी नव्हती. १९६५-६६ मध्ये त्यानं पत्नीसह ताहितीहून केप हॉर्नमार्गे स्पेनपर्यंतचा पल्ला न थांबता १२६ दिवसांत गाठला होता.

आता सात फुटांनी काय फरक पडतो? अशा जड होडीच्या वेगाला पाण्यातली लांबी लगाम घालते. त्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढा आणि सुमारे १.३४ नं गुणा. नॉटमधला वेग मिळतो. समजा पाण्यातली लांबी २५ फूट, तर ६.७, ३६ फूट, तर ८. फरक एवढासाच वाटतो ना? पण तो रात्रंदिवस, महिनोन्महिने साठत जातो.

आकडेच बघा. सुहेली १४ जूनला फालमथहून निघाली, जोशुआ २२ ऑगस्टला प्लिमथहून. म्हणजे ६९ दिवस मागून. सुहेलीनं केप हॉर्न ओलांडलं १७ जानेवारी १९६९ ला, जोशुआनं ५ फेब्रुवारीला. एकीला २१७ दिवस, दुसरीला १६७. अंतर ६९ वरून १९ दिवसांवर आलं.

मग मोठीच चांगली? थांबा. दुखणी दोघींनाही होती. सुहेली अटलांटिकमध्येच गळू लागली. रॉबिननं पाण्यात बुडी मारून फळ्यांच्या फटीत कापूस ठोकला आणि वरून पट्टी मारली. दक्षिण समुद्रात लाटेनं तिला आडवी केली, तेव्हा केबिनचं छप्पर सांध्यांत हललं. पुढं आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली, रेडिओ बंद पडला. जोशुआची केप ऑफ गुड होपजवळ एका जहाजाशी टक्कर झाली आणि नाळेपुढचा दांडा वाकला. मोआतेसिएनं तो कप्पी-दोर लावून समुद्रातच सरळ केला. पोलादी अंग शाबूत राहिलं. पण मला यातलं साम्य महत्त्वाचं वाटतं: दोघांनाही आपली होडी आतून-बाहेरून माहीत होती. कुठं काय दुखतंय, हे कळायला त्यांना दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

शेवट तुम्हांला ठाऊक असेल. मार्चमध्ये मोआतेसिएनं केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीनं निरोप फेकला, की मी परत येत नाही. तो युरोपकडं न वळता तसाच पुढं गेला आणि जूनमध्ये ताहितीला पोचला. सुहेली २२ एप्रिल १९६९ ला फालमथला परतली. नऊ जणांत फेरी पूर्ण करणारी ती एकटीच. चषक आणि पैसे, दोन्ही रॉबिनचे. पण स्पर्धेत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्राउहर्स्टच्या कुटुंबाला त्यानं ते पाच हजार पौंड देऊन टाकले.

आणि होड्या? जोशुआ १९८२ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर वादळात फेकली गेली; आज ती ला रोशेलच्या संग्रहालयात पुन्हा पाण्यावर आहे. सुहेलीला ग्रीनिचच्या संग्रहालयात ठेवलं होतं, पण कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. शेवटी तिला बाहेर काढून दुरुस्त केलं आणि परत समुद्रात सोडलं.

तेव्हा लहान की मोठी? वेग हवा तर लांबी मोजा. पण परत यायचं असेल, तर आधी हे विचारा, की हिची दुरुस्ती मला भर समुद्रात, एकट्याला जमेल का? कुलाब्याच्या सुतारांनी हातानं जोडलेली होडी एका माणसाला हातानं दुरुस्त करता आली. चषकावर त्यांची नावं नाहीत. पण सगळ्यांत आधी घरी पोचली ती त्यांनी घडवलेली होडी, एवढं आपण तरी विसरू नये.