यंत्र, श्रोता आणि झाकलेले नाव

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ जपानच्या बाजारात आला आणि घरगुती श्रवणातला एक जुना वाद नव्याने पेटला. ध्वनिमुद्रिकेची खरखर गेली. तिच्याआड लपण्याची ॲम्प्लिफायरची सोयही गेली. १६ बिटांची सीडी मंद व तीव्र ध्वनींत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखू शकते. दहा डेसिबल वाढवायचे तर दहापट शक्ती लागते. एरवी एका वॅटवर सुखाने चालणाऱ्या यंत्राचा आवाज वाद्यमेळाच्या ऐन शिखरावर का फाटतो, ते या गणितावरून कळते.

मात्र तेवढी शक्ती हाताशी असली तर? जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने साध्या रिसीव्हरपासून हजारो डॉलरांच्या व्हॉल्व्ह-यंत्रांपर्यंत सहा ॲम्प्लिफायरांची, नावे झाकून घेतलेली चाचणी छापली. श्रोत्यांची उत्तरे नाणेफेकीहून सरस ठरली नाहीत.

म्हणून सारी यंत्रे सारखीच, असे आम्ही म्हणणार नाही. व्हॉल्व्ह-यंत्राचा आउटपुट इम्पीडन्स पुष्कळदा अधिक असतो; त्यामुळे काही स्पीकरांवर स्वरांचा तोल खरोखरच ढळतो. (‘उबदार’ या लाडक्या विशेषणाचे मूळ काही अंशी येथे असावे.) पण उरलेली विशेषणे पाटी झाकताच कुठे गेली? आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये कवींची नावे काढून विद्यार्थ्यांपुढे कविता ठेवल्या, तेव्हा उडालेली तारांबळ १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये नोंदलेली आहे. तिथे तर ॲम्प्लिफायरही नव्हता.