धर्मादाय संस्थेची आर्थिक पारख (वाशी, जि. धाराशिव)

धर्मादाय संस्थेची आर्थिक पारख : देणगी देण्यापूर्वी संस्थेची नोंदणी, जमाखर्च, मालमत्ता, विश्वस्तांचा कारभार आणि प्रत्यक्ष काम पडताळून पाहणे. सर्व धर्मादाय संस्थांना लागू होणारा कायदा देशातल्या मोजक्याच राज्यांत आहे आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक. त्यामुळे इथल्या संस्थेचा हिशेब ही तिची खासगी बाब राहत नाही. तो दरवर्षी तपासून घ्यावा लागतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. देणगीदारांना हे ठाऊक असते, पण तो हिशेब मागून वाचणारे फार थोडे.

वाशी हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण बालाघाटाच्या पठारावर आहे. कोरडवाहू शेती आणि वरचेवर पडणारा दुष्काळ यांमुळे या भागाला बाहेरून मदत येत राहिली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोलीबरोबर या जिल्ह्याचा समावेश झाला. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही मग इकडे वळू लागला. गावातले दान मात्र त्याहून जुने आहे. मंदिराचा जीर्णोद्धार, अखंड हरिनाम सप्ताह, यात्रेतले अन्नदान, गोशाळा, वाचनालय, शाळेची खोली, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या मुलांची फी यांसाठी लोक पैसे, धान्य, कडबा, सिमेंटची पोती असे जमेल ते देतात. हे दान ओळखीवर चालते. मागायला आलेला माणूस कोण आणि कुणाच्या घरचा, हे पाहून पावती फाडली जाते. ओळखीला मोल आहेच. पण त्या माणसाच्या मागे असलेल्या संस्थेच्या खात्यात काय चालले आहे, हे ओळखीतून कळत नाही.

पूर्वपीठिका : १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. धर्मादाय इनामे आणि देवस्थाने यांवर तेव्हा सरकारी खात्याची देखरेख असे. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिराच्या कारभारासाठी १९०९ मध्ये केलेले ‘देऊळ-ए-कवायत’ हे नियम त्याच काळातले. मुंबई राज्यात १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेल्यानंतर पुढे तो इथेही लागू झाला. आता तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. लोहारा-उमरगा भागातली गावेच्या गावे बसली आणि देशभरातून संस्था धावून आल्या. काहींनी गावे दत्तक घेतली, काहींनी घरे बांधली. काही इथेच रुजल्या. अणदूरचे हॅलो मेडिकल फाउंडेशन आणि महिलांच्या गटांबरोबर काम करणारी स्वयं शिक्षण प्रयोग ही भूकंपानंतर या भागात काम केलेल्या संस्थांतली दोन ठळक नावे. आपत्तीच्या लाटेत पैसा वेगाने येतो आणि हिशेबाची सवय नसलेली माणसेही तो गोळा करू लागतात. दुष्काळातल्या चारा छावण्या असोत की सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात आलेला पूर, देणगीदाराची खरी गरज अशा वेळी असते आणि चौकशीला सवड सर्वांत कमी मिळते ती याच वेळी. म्हणून पारख शांत दिवसांत करून ठेवावी. भरवशाच्या दोन-तीन संस्था आधीच हेरून ठेवल्या, तर संकटात हात आखडता घ्यावा लागत नाही.

नोंदणी : पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा. केवळ धर्मादाय न्यास असेल तर क्रमांक ‘ई’ने सुरू होतो, १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालची संस्था असेल तर ‘एफ’ने आणि हिंदू देवस्थान असेल तर ‘ए’ने. त्यापुढे जिल्ह्याचे नाव असते. जुन्या नोंदणीत ते अर्थातच उस्मानाबाद असे आढळते. धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर संस्थेचा शोध घेता येतो. तिथे नुसते ‘वाशी’ टाकले तर नवी मुंबईतल्या वाशीच्या संस्था समोर येतात, तेव्हा आधी जिल्हा निवडावा. कार्यालयातून ‘शेड्यूल वन’चा उतारा मिळतो. त्यावर उद्दिष्टे, विश्वस्तांची नावे आणि मालमत्ता असते. विश्वस्त बदलला किंवा नवी मालमत्ता आली, तर ९० दिवसांत ‘बदल अर्ज’ द्यावा लागतो. उताऱ्यावर दिवंगत माणसांची नावे वर्षानुवर्षे तशीच असतील, तर आज सह्या करणाऱ्यांचा अधिकार तपासायलाच हवा. गावोगावच्या जुन्या संस्थांत भांडणे होतात ती बहुतेक इथूनच.

पॅन क्रमांकाचे चौथे अक्षरही बोलके असते. ते ‘टी’ असेल तर न्यास, ‘ए’ असेल तर व्यक्तींचा संघ, ‘सी’ असेल तर कंपनी आणि ‘पी’ असेल तर व्यक्ती. संस्थेच्या नावाने मागितलेली देणगी ‘पी’ अक्षराच्या पॅनवर किंवा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुणा एकाच्या वैयक्तिक नावाने उघडणाऱ्या खात्यात जात असेल, तर ती देऊ नये. मागणारा कितीही जवळचा असला तरी.

ताळेबंद आणि जमाखर्च : हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि पुढच्या सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावे लागते. ताळेबंद सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था नियमावलीतल्या परिशिष्ट आठच्या नमुन्यात असतो, उत्पन्न-खर्चाचे पत्रक परिशिष्ट नऊच्या. नमुना राज्यभर एकच असल्याने वाशीच्या वाचनालयाची आणि पुण्यातल्या मोठ्या न्यासाची पत्रके शेजारी ठेवून वाचता येतात. परिशिष्ट नऊमध्ये मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचे मानधन, कायदेशीर खर्च, लेखापरीक्षण शुल्क अशी खाती वेगवेगळी दाखवावी लागतात आणि शेवटी ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ येतो. तोही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत आणि इतर असा फोडून. देणगीदाराने आधी हेच खाते पाहावे.

उदाहरणादाखल एक कल्पित गोशाळा घेऊ. वर्षाचे उत्पन्न ८ लाख रुपये. चारा, औषधे आणि गुराख्यांच्या मजुरीवर ५ लाख २० हजार. आस्थापनेवर १ लाख ४० हजार. उरलेले १ लाख ४० हजार शिल्लक. उत्पन्नाचा ६५ टक्के भाग उद्दिष्टावर गेला. ही टक्केवारी वाईट नाही, पण तेवढ्यावर थांबू नये. ताळेबंदात बँक आणि रोख मिळून ३ लाख ३० हजार असतील, तर वर्षाच्या ६ लाख ६० हजारांच्या खर्चाच्या हिशेबाने सहा महिने पुरतील एवढी गंगाजळी आहे. उन्हाळ्यात कडब्याचा भाव चढला तरी संस्था तग धरेल. तीच रक्कम ‘कर्जे व अग्रिम’ या खात्यात कुणा विश्वस्ताच्या नावावर दिसली, तर कागदावर श्रीमंत असलेल्या या संस्थेला प्रत्यक्षात जूनमध्ये चारा उधारीवर आणावा लागेल. शिवाय एका वर्षाचा कागद फसवा ठरू शकतो. तीन वर्षांची पत्रके मागावीत. देणग्या एकाच दात्याकडून येतात का, रोख शिल्लक दरवर्षी अवाजवी मोठी का राहते, बांधकाम निधी म्हणून घेतलेली रक्कम त्याच नावाने पुढे ओढली आहे की मधेच नाहीशी झाली, हे तिन्ही वर्षे समोर ठेवल्याशिवाय उमगत नाही.

लेखापरीक्षकाचा अहवाल : कायद्याने देणगीदाराच्या हाती दिलेले सर्वांत धारदार साधन म्हणजे त्याच नियमावलीतल्या नियम १९ खालचा अहवाल, आणि वाचला जात नाही तोही हाच. त्यात लेखापरीक्षकाला ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. तपासणीच्या दिवशी रोख शिल्लक आणि प्रमाणके हिशेबाशी जुळली का? जंगम-स्थावर मालमत्तेची नोंदवही नीट आहे का? न्यासाचा पैसा उद्दिष्टाबाहेर वापरला गेला का? पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्ती किंवा बांधकामासाठी निविदा मागवल्या का? अधिनियमाचे कलम ३५ सोडून गुंतवणूक झाली का, कलम ३६ ची परवानगी न घेता जमीन विकली का? विश्वस्तांच्या बैठका नियमित झाल्या का, इतिवृत्त लिहिले का? एखादा विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का? मागच्या लेखापरीक्षकाने दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का? बहुतेक अहवालांत ‘होय’, ‘नाही’, ‘लागू नाही’ अशी उत्तरे एका ओळीत उरकलेली असतात. तरीही मंदिराच्या सभामंडपाचे काम डोळ्यांसमोर चालू असताना निविदेच्या प्रश्नापुढे ‘लागू नाही’ असेल, तर विचारायचा प्रश्न आयताच मिळाला.

आस्थापना खर्चाचा बाऊ : ‘शंभरातले शंभर रुपये गरिबापर्यंत’ असे सांगणाऱ्या संस्थेकडे लोक ओढले जातात. हा निकष अपुरा आहे आणि कधीकधी घातकही. हिशेबनीस, गाडीचे डिझेल, आरोग्यसेविकेचे मानधन यांशिवाय काम उभे राहत नाही. आस्थापना खर्च शून्य दाखवणारी संस्था तो दुसऱ्या खात्यात दडवते किंवा कार्यकर्त्यांना फुकट राबवते. अमेरिकेत संस्थांची माहिती आणि मानांकन देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनीच २०१३ मध्ये जाहीर पत्र काढून, केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवर संस्था जोखू नका, असे देणगीदारांना बजावले. परदेशी देणग्यांतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा मात्र भारतात कडक आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने ती ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. खर्च किती झाला यापेक्षा तो कशावर झाला आणि उघड दाखवला का, हे विचारणे योग्य.

आयकराची प्रमाणपत्रे : ‘आमच्याकडे ८०जी आहे’ हे वाक्य देणगीदाराला निश्चिंत करते. देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी ही मान्यता आयकर खाते देते. आता ती कायमची नसते, साधारणतः पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. म्हणून प्रमाणपत्रावरची मुदत पाहावी. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीस पात्र नसते. संस्थेने १०बीडी विवरणपत्र भरले की देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळते. ते मागूनही मिळत नसेल, तर आपली देणगी सरकारदरबारी नोंदलीच गेली नाही असे समजावे. हे क्रमांक १९६१ च्या आयकर अधिनियमातले. त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा अधिनियम लागू असल्याने त्यानंतरच्या कागदांवर नवे क्रमांक असतात. वाशीतल्या बहुसंख्य देणगीदारांचे उत्पन्न शेतीचे, म्हणजे करमुक्त. नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदारांनाही ही वजावट नाही. त्यांच्यासाठी ८०जी म्हणजे संस्था आयकर खात्याच्या नजरेखाली असल्याची खूण, एवढाच अर्थ उरतो. कारभार चोख असल्याची हमी त्यात नाही.

तात्पुरती मंडळे : गणेशोत्सव, जयंती, यात्रा यांसाठी नोंदणी नसलेली मंडळे वर्गणी काढतात. त्यांना कलम ४१सी खाली धर्मादाय कार्यालयाची आधी परवानगी घ्यावी लागते. वर्गणी मागणाऱ्यांकडे ती पाहायला मागण्यात संकोच नसावा. वस्तुरूप दानात हिशेब आणखी निसटतो. धान्य किंवा कडबा दिल्यास पावतीवर वजन लिहून घ्यावे आणि ते साठा नोंदवहीत चढले का ते पाहावे. धर्मादाय रुग्णालयाला देणगी देताना वेगळा प्रश्न विचारावा : कलम ४१एए प्रमाणे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखल्या जातात का?

कागद आणि काम : नीटनेटका ताळेबंद म्हणजे चांगले काम नव्हे. वाचनालयाचा हिशेब पैशापैशाने जुळत असेल आणि कपाटे मात्र कुलूपबंद असतील. उलट, एखादी धडपडणारी संस्था पैशाअभावी लेखापरीक्षण उशिरा देते, पण तिची अभ्यासिका रात्री दहापर्यंत भरलेली असते. अशा संस्थेला टाळण्यापेक्षा हिशेबनिसाच्या पगारासाठीच देणगी देणे शहाणपणाचे. मात्र दिरंगाई वर्षानुवर्षांची असेल तर गय करू नये. अधिनियमात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनंतर हिशेब न देणाऱ्या हजारो संस्थांची नोंदणी रद्द करण्याची मोहीम राज्यात राबवली गेली. शासनाच्या पैशावर मुख्यतः चालणारी संस्था माहिती अधिकाराखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१९ रोजी डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात दिला. अनुदानित शाळा चालवणाऱ्या संस्थांना म्हणून प्रश्न विचारता येतात.

तक्रार : धाराशिव जिल्ह्याचे सहायक धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय धाराशिव शहरात आहे. वाशीहून तेरखेडा, येरमाळा, येडशी या वाटेने तिथे जाता येते. नकला मिळवण्यासाठी आणि तक्रारीसाठी अर्ज तिथेच करावा लागतो. हितसंबंध असलेल्या व्यक्तीच्या तक्रारीवरून कलम ४१बी खाली चौकशी होऊ शकते. हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना आयुक्तांच्या लेखी संमतीने न्यायालयातही दाद मागता येते. पण तिथवर जाण्याची वेळ सहसा येत नाही. देणगी देणाऱ्याने पावतीबरोबर मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागावा. कायदा पाळणाऱ्या संस्थेकडे तो तयार असतोच, आणि जी संस्था तो दाखवायला तयार नाही तिला देणगी देऊ नये.