परंड्याचे गवत आणि परंड्याचा पूर

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. हरित वसईच्या चळवळीत उभा राहिलेला हा धर्मगुरू, पाण्यासाठी पिढ्यानपिढ्या आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या जिल्ह्यात मराठीच्या सर्वोच्च आसनावर बसला, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. २५ जुलै २०२४ रोजी फादर देवाघरी गेले. उस्मानाबाद आता धाराशिव ह्या नावाने ओळखले जाते. परंतु समुद्रकाठच्या वसईला आणि बालाघाटच्या डोंगररांगांतील ह्या जिल्ह्याला जोडणारा प्रश्न मात्र अधिक तीव्र झाला आहे. पृथ्वी तापते आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. त्याची आपण काळजी करावी काय?

पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते : दुष्काळ आणि पूर पूर्वीही होतेच! ह्या उत्तरात किती तथ्य आहे, हे धाराशिवच्या इतिहासातूनच तपासून पाहू.

सह्याद्रीने पावसाळी ढग अडवून घेतल्यावर जो पाऊस उरतो, तो ह्या जिल्ह्याच्या वाट्याला येतो. कोकणच्या मानाने तो तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे एखादे वर्ष चुकले की हाहाकार ठरलेलाच. १६३० ते १६३२ ह्या वर्षांत दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. १६३१ मध्ये शाहजहानचा सरदार आझमखान ह्याने परंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ला अभेद्य होताच. पण मोगली फौजेला हरविले ते चाऱ्याच्या अभावाने. आसपासच्या मुलखात गवताची काडी मिळेना, घोडी-बैल जगेनात, तेव्हा वेढा उठवून त्याला धारूरकडे माघार घ्यावी लागली. बादशहाची फौज परत फिरू शकली. कुणब्याला जाण्यास दुसरे ठिकाण नव्हते.

ह्याच भूमीवर काळजी वाहणारे हातही झाले. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला दगडी बंधारा आजही उभा आहे. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि नदी भरली की पाणी त्याच्यावरून कोसळते. प्रवासी ते दृश्य पाहण्यास जातात. आम्हांला त्यात पाणी अडविणाऱ्यांची दूरदृष्टी दिसते.

पुढे १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दुष्काळ दख्खनने सोसले. योगायोग असा, की १८९६ सालीच स्वीडनमध्ये स्वान्ते अऱ्हेनियस ह्या शास्त्रज्ञाने कर्बवायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल ह्याचे गणित प्रसिद्ध केले. इकडे माणसे अन्नावाचून मरत होती आणि तिकडे कागदावर पुढच्या संकटाची मांडणी होत होती. दोन्हींचा संबंध त्या वेळी कोणालाही दिसला नसता.

१९७२ चा दुष्काळ तर आपल्यापैकी अनेक वडीलधाऱ्यांच्या आठवणीतला आहे. खडी फोडणारे हात, पाझर तलावांची कामे, सुकडी आणि लाल मिलो! त्या आपत्तीतून महाराष्ट्राने एक मोठी गोष्ट कमावली. मागेल त्याला काम देण्याची योजना रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ चा राष्ट्रीय कायदा त्याच वाटेने आला. दुष्काळ पडला तरी माणूस उपासमारीने मरता कामा नये, हे राज्याने आपले कर्तव्य मानले.

मग पूर्वीही होतेच, एवढे म्हणून थांबावे काय? नाही. कारण पूर्वी निसर्ग आपल्या चालीने चुकत असे. आता ती चालच आपण बदलतो आहोत. कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या वायूंमुळे उष्णता कोंडली जाते. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे दीड अंशाने अधिक उष्ण ठरले. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. म्हणून पाऊस ओढ देतो आणि कोसळतो तेव्हा झोडपून काढतो. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्यातील हवामानशास्त्रज्ञांच्या २०१७ सालच्या संशोधनात दिसून आले.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच परंडा तालुक्यात आणि शेजारच्या भूम तालुक्यात नद्यांनी पात्रे सोडली. हाताशी आलेली पिके गेली, जनावरे वाहून गेली, शेतातील माती खरवडून निघाली आणि वेढलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. जिथे एकदा गवत मिळाले नाही, तिथे जमीन दिसेना! एका पुराचा सारा दोष तापमानवाढीच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. पण असे प्रसंग वाढत जातील, हे शास्त्र स्पष्टपणे सांगते.

शिवाय आपल्या हातच्या चुकाही आहेत. कमी पावसाच्या मुलखात उसाचा विस्तार झाला, बोअर खोल खोल गेले. १९८२ पर्यंत ह्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

आपल्या भाषेत काळजी दोन प्रकारची आहे : एक करायची आणि एक घ्यायची. नुसती करणाऱ्याची झोप जाते. घेणाऱ्याच्या हातून बंधारा उभा राहतो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले, तेही आपल्या सामाईक घराची काळजी घेण्याविषयीच होते. विहिरींचे पुनर्भरण, छपरावरचे पाणी साठविणे, झाडे राखणे, इंधन जपून वापरणे आणि राज्यकर्त्यांना जाब विचारणे ही त्या काळजीची साधी रूपे होत. धाराशिवच्या शेतकऱ्याने हवेत फारसा धूर सोडला नाही, तरी शेत त्याचे गेले. म्हणून ज्यांच्या घरी दिवे, वाहने आणि सुखसोयी अधिक, त्यांनी ही काळजी आधी घ्यावी, हा साधा न्याय आहे.