धाव, गोटा टायर आणि ४५ अंश

आजचा विषय टायर. इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये टायर कुठून आला, असं वाटत असेल तर जरा थांबा. घरच्या गाडीचे टायर बदलायला गेलं की आपण दुकानदाराला दोन प्रश्न विचारतो: कितीला, आणि किती चालेल? त्याच्याआधी विचारायचा एक प्रश्न आपण विसरतो, तो म्हणजे हा टायर कोणत्या हवामानासाठी केलाय? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच गावच्या लोहाराकडे होते.

टायर हा शब्द आपल्याकडे यायच्या आधी चाकाला ‘धाव’ असायची. बंडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी, तिला धाव म्हणतात. ती बसवायची पद्धत भारी होती. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करायचा, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा. लोखंड तापून फुगलं की चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि लाकडाला असं आवळतं की खिळ्याचं फारसं काम उरत नाही. आता यातली गंमत बघा. एप्रिल-मे महिन्यात लाकूड वाळून आकसायचं आणि तीच धाव सैल पडायची. मग चाकं नाल्यात नाहीतर डबक्यात भिजत घालायची, लाकूड फुगेपर्यंत. म्हणजे चाक आणि तापमान यांचं भांडण आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलं माहीत होतं. ते दर उन्हाळ्यात ते सोडवतच होते.

या धावांवरून वऱ्हाडचा कापूस चालला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जिनिंगपर्यंत, नंतर रेल्वेपर्यंत तो बंडीनेच जायचा. अरुंद लोखंडी धाव काळ्या मातीत पावसाळ्यात किती रुतायची, हे शेतातल्या माणसाला सांगायला नको.

आता रबराकडे. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबराच्या वस्तूंची मोठी हवा होती. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होऊन वितळायचं आणि थंडीत कडक होऊन तडकायचं. चार्ल्स गुडइयर नावाच्या माणसाने टपाल खात्यासाठी रबरी पिशव्या केल्या, त्या उकाड्यात वितळल्या. १८३९मध्ये त्याला गंधक आणि उष्णता यांची युक्ती सापडली. तेच आपलं पक्कं रबर. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४०च्या दशकात घेतलं, पण कोणी फारसं विचारलं नाही. १८८८मध्ये डनलपने तीच गोष्ट सायकलसाठी पुन्हा शोधली आणि मग जग टायरवर चालायला लागलं.

थोडं विषयांतर करतो, यवतमाळकर आहे म्हणून. त्या जुन्या टायरच्या पोटात काय असायचं? कापूस! रबराच्या आत सुती कापडाचे, नंतर सुती दोऱ्यांचे थर असायचे. पण त्यासाठी लांब धाग्याचा, इजिप्तसारखा कापूस लागायचा. आपला आखूड धाग्याचा. म्हणजे तिथेही आपला नंबर लागला नाही.

गुडइयरने रबर पक्कं केलं, पण उन्हाळा-हिवाळ्याचं भांडण पुरतं मिटलं नाही. फिनलंडमध्ये १९३४ साली खास बर्फासाठी ट्रकचा टायर निघाला, दोन वर्षांनी कारचा. आज थंड देशांत हिवाळ्याचा टायर ही वेगळीच जात आहे. त्याचं रबर मऊ असतं, कारण साधारण ७ अंशांच्या खाली नेहमीचं रबर कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरत नाही. वरच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला पकडतात. बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह असतं.

माझी चुलतबहीण कॅनडात, क्विबेक प्रांतात असते. तिथे २००८पासून कायदाच आहे, आणि आता १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लागतात म्हणजे लागतातच. पहिल्या वर्षी तिने चार नवे टायर घेतले तेव्हा काका फोनवर म्हणाले, "अवं, आहेत ते गोटा झाले का? मंग कायले पैसे घालवतं? टायर तं टायर असते!" तिला फार समजावता आलं नाही. घरात लहान लेकरू आहे, रस्त्यावर बर्फ आहे, एवढंच ती म्हणाली.

काकांचं वाक्य मला मात्र इथल्यासाठी जास्त धोक्याचं वाटतं. आपल्याकडे बर्फ नाही, पण मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. आणि आपण टायर फक्त नक्षी बघून तपासतो. गोटा नाही ना, मग चांगला आहे!

२०००चं फायरस्टोन प्रकरण ऐका. अमेरिकेत फोर्डच्या एका गाडीवरचे टायर धावताना सोलून निघायचे, गाडी उलटायची. २००हून जास्त माणसं गेली, ६५ लाख टायर परत मागवावे लागले. प्रकरणं सगळ्यात जास्त कुठे? टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना. गरम मुलखात. टायरच्या बनावटीवर बोट ठेवलं गेलंच, पण वादाचा दुसरा मुद्दा हवेचा होता: गाडीवाले २६ सांगत होते, टायरवाले ३० म्हणत होते.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे उलटा समज पक्का आहे. "उन्हाळा आहे, हवा दोन पॉइंट कमी ठेव, नाहीतर फुटते." सायकल उन्हात ठेवली की ट्यूब फुटायची, तिथून हे आलं असावं. कारच्या टायरचं तसं नसतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि जास्त तापते. आतले थर सुटायला लागतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. गावात ४०च्या वेगाने ते निभतं. पण सुट्टीत पाच माणसं, डिकीत सामान, धामणगावजवळ समृद्धीला लागायचं आणि दुपारी १२०ने शिर्डी गाठायची, तिथे ते निभत नाही. लोक काँक्रीटला शिव्या देतात. मी म्हणेन, आधी टायरची बाजू वाचा.

काय वाचायचं? आकाराच्या आकड्यांनंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचं घेऊ नका, स्वस्त मिळालं तरी. काही टायरवर तापमानाची श्रेणीही असते. ए, बी, सी यांत ए घ्या, आपल्याला हीच सगळ्यात कामाची. मग चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. घरची गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालते, नक्षी नवी दिसते, पण रबर उन्हात म्हातारं होतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर नक्षी विसरा. नक्षीसाठी कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी तिथपर्यंत झिजली की टायर संपला. पण आपल्या पावसाळ्यात इतकी वाट बघू नये.

आणि कोणी परदेशातून आणलेले मऊ हिवाळी टायर स्वस्तात देतो म्हणाला, तर हात जोडा. इथल्या डांबरावर ते खोडरबरासारखे झिजतील.

राहता राहिली हवा. ती सकाळी भरायची, गाडी थंड असताना. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. माणसं भरली की मागच्या चाकांना वेगळा आकडा असतो, तोही तिथेच. टायरवर छापलेला दाब भरू नका, तो कमाल दाब आहे. आणि डिकीतलं पाचवं चाक तेवढं तपासा. त्याच्यावरचे चार आकडे बहुतेक घरांत कोणी कधीच वाचलेले नसतात.