विनामूल्य संगीतसेवा : कोठे काय मिळते?

महाजालावरील विनामूल्य संगीतसेवांचे मोल श्रोता जाहिराती ऐकून चुकवतो. याखेरीज प्रत्येक सेवेच्या काही मर्यादा आहेत.

यूट्यूब : जुन्या नाट्यगीतांसाठी सर्वांत समृद्ध. हवे ते गाणे निवडता येते; मात्र मोबाइलचा पडदा बंद करताच ते सहसा थांबते.

स्पॉटिफाय : २००८ मध्ये सुरू झालेली स्वीडिश सेवा. पडदा बंद असतानाही गाणी सुरू राहतात. मात्र नोंदणीच्या देशाबाहेर विनामूल्य खाते केवळ १४ दिवस चालते. महिनाभर मायदेशी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पॅन्डोरा : केवळ अमेरिकेत उपलब्ध. आवडत्या गाण्याशी जुळणारी गाणी नभोवाणीप्रमाणे ऐकवते.

साउंडक्लाउड : नवोदित कलावंत येथे आपली ध्वनिमुद्रणे स्वतःच प्रसिद्ध करतात.

ॲपल म्युझिकला कायमस्वरूपी विनामूल्य पर्याय नाही.

विनामूल्य सेवेचा भरवसाही मर्यादितच. भारतातील 'गाना'ने २०२२ मध्ये सशुल्क मार्ग पत्करला, तर 'विंक म्युझिक' २०२४ मध्ये बंद पडले. अशा वेळी श्रोत्याने परिश्रमपूर्वक जमविलेली गीतसूचीही हातची जाते. म्हणून गीत, गायक, गीतकार व संगीतकार यांची नोंद स्वतंत्रपणे जपावी. सेवा बदलली, तरी त्या नोंदीच्या आधारे आपला संग्रह पुन्हा उभा करता येतो.