सोलापूरचे वसतिगृह, 4 जानेवारी 1925

डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या पहिल्या वर्षाच्या कामात एक नोंद सोलापूरची आहे. 4 जानेवारी 1925 रोजी तेथे अस्पृश्य समाजातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्यांच्या जेवणाचा, कपड्यांचा आणि लेखनसाहित्याचा खर्च सभेने उचलला. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रातही ही माहिती येते. नोंद छोटी आहे, पण तिचा एकेक शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम तारीख. जुने कॅलेंडर काढले, तर त्या दिवशी रविवार होता. मग सभेच्या इतर तारखाही लावून पाहाव्यात. मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 रोजी सभा स्थापण्याचा विचार झाला, तो रविवार. 20 जुलै 1924 रोजी सभा स्थापन झाली, तोही रविवार. तीन तारखा आणि तिन्ही सुट्टीच्या. यावरून माझे अनुमान असे की ज्यांच्या बळावर ही सभा उभी राहिली, ती माणसे आठवडाभर गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत बांधलेली होती. हे अनुमानच आहे, पुरावा नव्हे. पण स्थापनेपासून साडेपाच महिन्यांत सोलापूरचे दार उघडले, हे मात्र निश्चित.

दुसरा शब्द ‘वसतिगृह’. शाळाच का काढली नाही? सभेच्या उद्दिष्टांतले पहिलेच कलम पाहावे. अस्पृश्यांत शिक्षणाचा प्रसार करायचा, तो वसतिगृहे उघडून किंवा अन्य मार्गांनी, असे ते सांगते. साधनांत वसतिगृहाचे नाव आधी आहे. त्यामागे 4 ऑगस्ट 1923 चा सी. के. बोले यांचा ठराव दिसतो. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे मुंबई विधिमंडळाने त्यात मान्य केले होते. कागदावर सरकारी शाळेचा दरवाजा उघडला होता. खेड्यातून आलेल्या मुलाने शहरात राहायचे कोठे आणि खायचे काय, याचे उत्तर मात्र ठरावात नव्हते.

तो दरवाजा किती काळ बंद होता, हे याच सभेच्या आणखी एका कागदातून कळते. 29 मे 1928 रोजी डॉ. आंबेडकरांनी सभेच्या वतीने सायमन कमिशनला शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, त्यात धारवाडचे प्रकरण आहे. 1856 च्या जून महिन्यात एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. 21 जुलै 1856 च्या सरकारी ठरावाने त्याची बाजू न्याय्य असल्याचे कबूल केले आणि तरीही प्रवेश नाकारला. एका मुलासाठी रूढ समजुतींविरुद्ध जाणे सरकारला परवडणारे वाटले नाही. न्याय मान्य करून तो नाकारणारा हा कागद मला आजही अस्वस्थ करतो.

धारवाडपासून सोलापूरपर्यंतच्या अंतरात एक ग्रंथ पडतो. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. त्याच सुमारास, 1872 मध्ये, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शाळांना हातभार लावणारा तिथला फ्रीडमेन्स ब्यूरो बंद झाला होता. फुल्यांना हे ठाऊक होते की नाही, यावर मी काही म्हणणार नाही. मात्र मुक्तीनंतर लगेच शाळा लागते, ही जाण दोन्हीकडे होती. सोलापुरात त्या शाळेच्या अलीकडचीच पायरी बांधावी लागली.

आता नगरपालिकेकडे वळू. सोलापूर नगरपालिकेने वसतिगृहाला दरमहा 40 रुपयांचे अनुदान मंजूर केल्याची नोंद आहे. संस्थेने आपल्या कामाचे केलेले वर्णन वाचताना थोडे सावध राहावेच लागते. सार्वजनिक तिजोरीतून निघालेल्या रकमेचे तसे नसते. तिला मंजुरी लागते, तिच्यावर कोणालाही आक्षेप घेता येतो. म्हणून या 40 रुपयांना मी सर्वांत भक्कम पुरावा मानतो. या आकड्यावरून मुलांची संख्या काढण्याचा मोह मात्र आवरावा. अनुदान खर्चाच्या किती हिश्शाला पुरे, हे कळल्याशिवाय तो हिशेब टिकणार नाही.

देखरेखीसाठी जिवाप्पा सुभा ऐदाळे होते. त्यांच्या कामाबद्दल नोंदीत कौतुकाचा सूर आहे, आणि त्याला आधार देणारी एक गोष्ट पुढेच येते. वसतिगृहातील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवत. ज्यांच्या वडिलांच्या पिढीला वर्गात बसायलाही मिळणे कठीण होते, ती मुले दर महिन्याला लिहीत होती! नुसते जेवण-राहणे पुरवणाऱ्या जागेत मासिक निघत नाही. तेथे अभ्यासाला बळ देणारे कोणी तरी असावे लागते, आणि ते ऐदाळे असावेत, असे मी मानतो. तेवढ्या भागाला पुरावा नाही, फक्त संभव आहे.

सभा पुढे फार काळ राहिली नाही. 1928 मध्ये तिचे काम गुंडाळले गेले आणि शिक्षणाची जबाबदारी नव्या मंडळाकडे गेली. सोलापूरचा धागा मात्र तुटला नाही. जानेवारी 1938 मध्ये त्याच सोलापूर नगरपालिकेने डॉ. आंबेडकरांना मानपत्र दिले.

या लेखात त्या मुलांपैकी एकाचेही नाव आलेले नाही. ते कोठे असेल, तर ‘सरस्वती विलास’च्या पानांवर, लेखकाच्या सहीत. सोलापुरात, किंवा सोलापुरातून मुंबई-पुण्याला गेलेल्या एखाद्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत या नावाचा अंक असेल, तर तो रद्दीत देऊ नका. आधी त्याची छायाचित्रे काढा आणि मग जवळच्या ग्रंथालयाला दाखवा.